साठवणीचा सर्व्हर

शेजारच्या वच्छलाबाई रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा गोकुळरावांची अर्धी दाढी झाली होती.

"गोकुळ, पाणी येऊन गेलं," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. साइटवर 'नाही' दाखवतंय."

"साइटवर नसंल. नळाला येऊन गेलं. मागल्या गल्लीतल्या कडूबाईनं सगळे हंडे भरले."

"तिला कसं कळलं?"

"तिच्याकडं मोबाईल नाय, म्हणून कळलं."

गोकुळरावांनी वस्तरा खाली ठेवला. उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून ते आत सर्व्हरकडं धावले, आणि पुढचा सगळा उद्योग तिथून सुरू झाला.

गोकुळराव वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. कंपनीनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी रीतसर अर्ज करून, तीन सह्या घेऊन, गेटपास फाडून पुंडलिकनगरच्या घरी आणला होता. व्हिडिओ बघून बघून त्याच्यावर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली चढवली आणि त्याचा सर्व्हर केला. मग आपल्याच नळाच्या पाइपाला एक सेन्सर बसवला. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं पाणी पहिल्यांदा त्यांच्या पाइपात यायचं. पाणी आलं की सेन्सर सर्व्हरला सांगायचा आणि सर्व्हर साइटवर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहायचा, 'आलं'. नसलं की लाल अक्षरांत, 'नाही'. बाकी साइटवर काही नव्हतं. गल्लीला बाकी काही नकोच होतं.

कारण गल्लीत नळाला आठवडा-आठवडा पाणी नसायचं, आणि यायचं तेव्हा कुणाला विचारून यायचं नाही. पूर्वी घरोघरी एक माणूस नळाच्या नावानं नेमलेला असे. त्यानं नळाच्या तोंडाला कान लावून बसायचं आणि फुसफुस झाली की घर उठवायचं. साइट आली आणि ही नोकरी गेली. लिंक मागच्या गल्लीत गेली, तिथून त्याच्या मागच्या गल्लीत गेली, आणि बघता बघता अख्खा भाग नळाकडं पाठ करून मोबाईलकडं तोंड करून बसला. एकदा साइटवर 'नाही' असताना गल्लीतल्या मल्हाररावांच्या नळातून थोडं पाणी ठिबकलं, तर त्यांनी प्लंबर बोलावून नळ तपासून घेतला. इथवर विश्वास गेला होता.

त्या विश्वासाला आज तडा गेला. सर्व्हर चालू होता. सेन्सरनं पाणी आल्याचं इमानदारीत सांगितलं होतं. पण डिस्क काठोकाठ भरली होती, 'आलं' एवढी दोन अक्षरं लिहायलासुद्धा जागा नव्हती. सगळं कळत असून बिचारा गप्प बसला होता.

संध्याकाळी गल्ली गोकुळरावांच्या हॉलमध्ये जमली. सगळ्यांत पुढं मल्हारराव, गल्लीच्या पार शेवटच्या घरातले, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर.

"गोकुळराव, भरलं कशानं ते सांगा. मशीनमधी टाकलं काय तुम्ही एवढं?"

"मी नाही टाकलं. तुम्ही टाकलं," गोकुळराव म्हणाले. "ह्याला लॉग म्हणतात. कोणी साइट उघडली की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो. कधी उघडली, कुठून उघडली, कोणत्या मोबाईलवरून उघडली."

"दर वेळंला?"

"दर वेळेला."

"म्हंजी मी जेवता जेवता बघतो, ते बी?"

"ते पण."

"अन् संडासात..."

"ते पण, मल्हारराव. फक्त कुठं बसून बघितलं ते लिहीत नाही."

मल्हारराव मशीनच्या जवळ सरकले. मग अगदी हळू आवाजात, देवळात बोलावं तसं, म्हणाले, "आमच्या गावाला सातबाऱ्यावर मपलं नाव चढवायला एक ओळ लिहायची होती. दोन तलाठी बदलून गेले, वळ काय लिहून झाली नाय. अन् हे मशीन मी नुसतं खाजवता खाजवता मोबाईल उघडला तरी लिहितंय."

गोकुळरावांनी एक फाइल पेनड्राइव्हवर हलवून फटीएवढी जागा केली आणि लॉग पडद्यावर लावला. ओळींमागून ओळी सरसर वर सरकायला लागल्या. कोपऱ्यात बसलेल्या कुणीतरी गंमत म्हणून मोबाईलवर साइट उघडली आणि त्याच क्षणी पडद्यावर नवी ओळ उमटली. सगळ्या हॉलनं श्वास आत घेतला. मग ज्यानं त्यानं मोबाईल काढला. ज्याची ओळ उमटे तो "ही मपली" म्हणून बोट दाखवी आणि बाकीचे त्याच्याकडं नव्या नजरेनं बघत. डिस्क भरली म्हणून जमलेल्या लोकांनी तासाभरात तिची उरलीसुरली फटही बुजवून टाकली.

"हे इथं परदेशाचं काय लिहिलंय?" वच्छलाबाईंच्या सुनेनं विचारलं.

"जर्मनी," गोकुळराव म्हणाले. "तिकडून रोज कोणीतरी आपली साइट उघडून बघतं."

सगळ्यांनी त्या ओळीकडं माना वळवल्या.

"जर्मनीला बी पाणी नाय का?" मल्हाररावांनी विचारलं.

तिकडून माणसं नाहीत, मशीनं येतात, जगातली प्रत्येक साइट उघडून बघणं हे त्यांचं कामच असतं, हे गोकुळरावांनी तीन तऱ्हांनी समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पाण्याचा विषय निघाला की कोणीतरी "आता जर्मनीलाच नाय म्हणल्यावर आपली काय कथा" असं म्हणून सुस्कारा टाकायला लागलं, आणि त्यानं सगळ्यांना थोडं बरं वाटायचं.

उपाय सांगणारा पहिला माणूस कृष्णा. कृष्णाचं गुलमंडीच्या मागं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान.

"काका, टेन्शन नक्को," कृष्णा म्हणाला. "कॅमेऱ्याचं कसं असतं, महिना झाला की जुनं रेकॉर्डिंग आपोआप उडतं, त्याच्या जागी नवं चढतं. लॉगचं पण तसंच करून टाका. पुराना कौन देखता?"

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. लिनक्समध्ये तशी सोयसुद्धा असते. चार ओळी लिहिल्या की जुना लॉग आपोआप गुंडाळला जातो आणि ठरलेली मुदत झाली की पुसला जातो. पण गोकुळराव हाडाचे स्टोअरकीपर. त्यांच्या कंपनीत गंजलेला बोल्टसुद्धा तीन सह्यांशिवाय भंगारात जात नाही. 'आपोआप पुसला जातो' हे शब्द ऐकूनच त्यांचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. आपोआप म्हणजे कुणाच्या सहीनं?

"पुसायचं असेल तर समिती पाहिजे," ते म्हणाले.

आणि समिती झाली. जुना लॉग काढून टाकायला मंजुरी देणं हे तिचं काम. सभासद मल्हारराव, वच्छलाबाई आणि कृष्णा. पहिल्याच बैठकीत चहाबरोबर मंजुषानं, म्हणजे गोकुळरावांच्या बायकोनं, चिवडा ठेवला, त्यामुळं बैठक लांबली.

"पुसा म्हणता, तर कुणाच्या वळी पुसायच्या?" वच्छलाबाईंनी मूळ मुद्द्याला हात घातला.

"जुन्या. सगळ्यांच्याच."

"आमच्या नका पुसू. मागल्या गल्लीच्या पुसा. त्यांनीच उघडून उघडून भरवलंय."

"माझ्या राहू द्या काका," कृष्णाही म्हणाला. "कधी कामाला येतील, सांगता येत नाही."

"जर्मनीच्या बी राहू द्या," मल्हारराव म्हणाले. "पाहुणे हायेत."

यात हसण्यासारखं काही नाही. या गावातली माणसं साठवणारी माणसं आहेत. इथं नवा हंडा भरल्याशिवाय जुनं पाणी कोणी ओतत नाही, आणि ओतलं तरी झाडाच्या बुडाशी ओततं, म्हणजे टाकलं असं व्हायला नको. घराघरांत ड्रम, ड्रमावर बादली, बादलीवर तांब्या, आणि तांब्यासुद्धा भरलेला. अशा माणसांना काहीही पुसायला सांगणं म्हणजे भरल्या टाकीची तोटी उघडून बाजूला व्हा म्हणण्यासारखं होतं. तेव्हा समितीनं एकमतानं ठरवलं की लॉगमधली एकही ओळ पुसायची नाही. उलट ती नीट जपून ठेवायची, आणि गोकुळरावांना नोकरी असल्यामुळं हे काम मशीननं आपोआप करायचं.

तातडीची जागा मात्र करायलाच हवी होती. गोकुळरावांनी सगळी डिस्क धुंडाळली आणि मंजुषाच्या भावाच्या, बन्सीच्या लग्नाचा व्हिडिओ काढून टाकला.

"बन्सीचं लग्न पुसलं तुम्ही?" मंजुषानं विचारलं.

"त्याची एंट्री नव्हती कुठं," गोकुळराव म्हणाले.

"अहो, लग्नाची कसली एंट्री?"

"तेच म्हणतोय मी. लॉगची प्रत्येक ओळ एंट्री आहे. हे नुसतंच पडलेलं होतं."

त्यानंतर गोकुळरावांच्या ताटात बरेच दिवस नुसतंच पडलेलं जेवण येत राहिलं.

हे इतकं चालू असताना मल्हारराव एका संध्याकाळी एकटेच आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"पोरीचं, ज्ञानेश्वरीचं, जमलं. सोमवारी साखरपुडा, घरीच. वैजापूरकडून पाहुणे येणार. लई माणूस हाये."

"अरे वा. आनंदाची गोष्ट."

"आनंदाची हाये पण पाण्याची नाय. टाकी कोरडीठाक हाये. टँकर म्हणावा तर गल्लीचं तोंड खोदून ठेवलंय, सायकलसुद्धा उचलून आणावी लागते. या खेपेचं पाणी मला गावलं पाहिजे, गोकुळराव. रविवारी येईल असा अंदाज हाये. मागल्या वक्ताला झालं तसं झालं, तर पाहुण्यांच्या हातावर घालायला चुळभर पाणी नसंल घरात. पोरीच्या सासरच्यांनी पहिल्या दिवशी हेच बघायचं का?"

ज्ञानेश्वरी लहान असताना गोकुळरावांच्या अंगणात खेळलेली पोरगी. गोकुळराव उठून उभे राहिले. कंपनीत ऑडिट आलं की ते असेच उभे राहायचे.

"मल्हारराव, रविवारी पाणी आलं आणि साइटनं सांगितलं नाही, असं होणार नाही. शब्द आहे माझा."

शब्द देऊन बसले, आणि सर्व्हरची सेवा सुरू झाली.

कृष्णानं कॅमेऱ्याच्या मशीनमधून काढलेली एक जुनी, अवाढव्य जागेची डिस्क आणून दिली. सर्व्हरचं सगळं बिऱ्हाड गोकुळरावांनी तिच्यावर हलवलं, साइटसकट, लॉगसकट. हिशेब करून बघितलं तर निम्मीसुद्धा भरायला दोन पिढ्या लागल्या असत्या. गोकुळराव त्या मोकळ्या जागेकडं नुसतेच बघत बसले. समुद्र बघितल्यावर माणूस बसतो तसे.

वच्छलाबाईंनी सांगितलं की मशीन बंद पडतं ते धुळीनं. मंजुषा, एव्हाना बन्सीच्या लग्नाचं दुःख थोडं ओसरलेली, गुलमंडीवरून जाड कापड घेऊन आली आणि सर्व्हरला खालपर्यंत झालर असलेलं झाकण शिवलं. फार सुरेख दिसत होतं. झाकणानं पंख्याची हवा कोंडली आणि सर्व्हर इस्त्रीसारखा तापून बंद झाला. झाकण काढलं. थंड झाल्यावर चालू केला.

मग मल्हाररावांच्या आई आक्काबाई, लेकाच्या आग्रहानं, मशीनचं दर्शन घ्यायला आल्या. जगातल्या सगळ्या ओळी लिहिणारं मशीन त्यांना बघायचं होतं. येताना हळदीकुंकवाची कुयरी आणली होती. सर्व्हरच्या कपाळावर एक गोल निळा दिवा लुकलुकत होता. कुंकू लावायला याहून रास्त जागा दुसरी कुठली असणार? आक्काबाईंनी अंगठा कुंकवात बुडवला आणि भक्तिभावानं त्या निळ्या दिव्यावर टेकवला. चांगला दाबून टेकवला, कारण आक्काबाईंचा हात मेंढ्या धरण्यात गेलेला. ते मशीनचं बटण होतं. सर्व्हर शांतपणे मिटला.

"निजलं," आक्काबाई समाधानानं म्हणाल्या.

गोकुळरावांनी बटणावर एक बाटलीचं झाकण चिकटवलं आणि कुंकवाची सोय त्या झाकणावर केली.

शनिवारी त्यांनी सुट्टी टाकली. आता लॉगची आपोआप साठवण. दुपारपर्यंत त्यांनी काही ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. तिचं काम सोपं होतं: लॉगच्या फोल्डरमध्ये जे जे असेल ते सगळं गोळा करायचं, गच्च आवळून त्याचं एक बोचकं बांधायचं, त्याच्यावर वेळ लिहायची आणि 'राखीव' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. हे काम दर तासाला करायचं, असं लिनक्सला बजावलं. रोज एकदा केलं तरी चालतं, असं व्हिडिओत सांगितलं होतं. पण परवा शब्द दिलेला माणूस रोज एकदावर कसा राहील?

आता 'राखीव' फोल्डर ठेवायचं कुठं? इथं गोकुळरावांची नोकरी आडवी आली. त्यांच्या स्टोअरचा नियम आहे की पुढच्या पेटीतला माल संपला तर हुडकायला लागू नये, म्हणून राखीव पेटी त्याच रॅकमध्ये, पुढच्या पेटीच्या मागं ठेवायची. या नियमाबद्दल त्यांना एकदा कंपनीत प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. त्या नियमानं त्यांनी 'राखीव' हे फोल्डर लॉगच्याच फोल्डरच्या पोटात ठेवलं.

पहिलं बोचकं तयार झालं. लहानसं, नेटकं, वर वेळ लिहिलेलं. गोकुळरावांनी मंजुषाला हाक मारली.

"बघ. मी काही केलं नाही. आपोआप झालं."

मंजुषानं बघितलं. तिला त्यात काही दिसलं नाही, पण नवऱ्याच्या तोंडावर जे दिसलं ते तिनं लग्नानंतर फार कमी वेळा बघितलं होतं. म्हणून ती "छान आहे हं" म्हणाली आणि रात्री पुरणपोळी केली.

रविवारी सकाळी गोकुळराव आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून सर्व्हरपुढं बसले. तेव्हा सर्व्हर विव्हळत होता. दुसरा शब्दच नाही. पंखा पूर्ण जोरात फिरत होता, आणि एक साधं बटण दाबलं तर त्याचं उत्तर यायला चहा पिऊन व्हायचा. गोकुळरावांनी डिस्कवरची जागा बघितली. दोन पिढ्यांना पुरणारा समुद्र एका रात्रीत सरत आला होता. त्यांनी डोळे चोळून पुन्हा बघितलं. तेवढ्यात आणखी कमी झाली होती.

त्यांनी 'राखीव' उघडलं. पहिलं बोचकं छोटं. दुसऱ्या तासाला सर्व्हरनं सांगितल्याप्रमाणं लॉगच्या फोल्डरमधलं सगळं गोळा केलं, आणि सगळ्यात पहिलं बोचकंही आलं, कारण ते त्याच फोल्डरच्या पोटात होतं. तिसऱ्या तासाला तिसऱ्या बोचक्यात पहिलं आणि दुसरं, आणि दुसऱ्याच्या आत पुन्हा पहिलं. दर तासाला दुप्पट. रात्रभर ते मशीन, एकटं, अंधारात, एक शब्द न बोलता, बोचक्यात बोचकं बांधत बसलं होतं. शेवटचं बोचकं इतकं मोठं होतं की त्याचा आकडा पडद्याच्या रकान्यात मावत नव्हता.

गोकुळरावांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्यांचे हात जोडले गेले. आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, पण सांगितलेलं काम इतकं मन लावून करणारा माणूस त्यांना एकही भेटला नव्हता.

अकराच्या सुमाराला, 'थांब' हा हुकूम मशीनच्या कानात पोचायच्या आतच, डिस्क भरली. साइटवर लाल अक्षरांत 'नाही' असं लिहिलेलं होतं, आणि आता जगबुडी झाली तरी तिथं 'नाही'च राहणार होतं.

बातमी कशी फुटली माहीत नाही, बहुतेक मंजुषाच्या तोंडावरून. वच्छलाबाई आल्या, कृष्णा आला, आणि मल्हारराव चप्पल न घालता आले. त्यांच्यामागून गल्ली आली. हॉल भरला, व्हरांडा भरला.

"गोकुळराव," मल्हारराव एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"बोचकी काढून टाकली की होईल चालू," गोकुळराव घाम पुसत म्हणाले. "समिती इथंच आहे. मंजुरी द्या, लगेच पुसतो."

"काका, घर जळतंय आणि तुम्ही पावती फाडता?" कृष्णा म्हणाला. "पुसून टाका ना सीधा."

"सहीशिवाय माझ्या हातानं पुसलं जाणार नाही रे."

"मी देतो सही," मल्हारराव म्हणाले. "जर्मनीसकट पुसा."

"थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या बोचक्यात आमच्या वळी हायेत का?"

"सगळ्यांच्या आहेत मावशी. पण मूळ लॉग राहणारच आहे, हे जादाचं..."

"मग मूळ पुसा अन् जादाचं ठेवा. जादाचं जास्त हाये."

यावर वाद सुरू झाला. अर्धे मूळच्या बाजूनं, अर्धे जादाच्या. कागद आला, पेन आलं, पेन चालेना म्हणून दुसरं आलं. मल्हाररावांनी सही केली, कृष्णानं केली, आणि वच्छलाबाई चष्मा आणायला सुनेला घरी पाठवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात व्हरांड्यातली गर्दी दुभंगली.

दारात आक्काबाई उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या. लुगड्यातून पाणी निथळून फरशीवर ओघळ चालला होता.

"मल्हारी," त्या म्हणाल्या, "टाकी वाहू लागली."

मल्हाररावांनी पडद्याकडं बघितलं. "आये, साइटवर नाय अजून."

"मंग हा काय मला घाम फुटला व्हय?"

पुढचा क्षणभर कोणीच हललं नाही. मग सगळेच हलले. हॉल, व्हरांडा, समिती, अख्खी गल्ली मल्हाररावांच्या घराकडं पळत सुटली, आणि तिथं पोचून जागच्या जागी थांबली.

गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. काठावरून पाण्याचा जाड पडदा खाली येत होता, ऊन त्यातून आरपार चाललं होतं आणि भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे हलत होते. खाली अंगणातल्या नळाची तोटी सकाळपासून उघडी ठेवलेली होती. तिथं बादली उलटी पडली होती आणि पाणी कमरेएवढं उंच उसळत होतं. मल्हाररावांनी जाऊन पाण्याच्या मोटारीवर हात ठेवला. मोटार गार होती. बटण बंद होतं. साइट हिरवी झाली की दाबायचं म्हणून ते सकाळपासून, सर्व्हरची बातमी येईपर्यंत, तिच्याजवळ बसून होते, आणि साइट हिरवी झालीच नव्हती.

"मोटारीबिगर," ते म्हणाले. "वर. आपल्या आपण."

सगळ्यांच्या माना वर होत्या. या गल्लीतल्या पोराटोरांनी पाणी वर चढताना कधी बघितलंच नव्हतं. पाणी ही खेचून, ओढून, मोटारीच्या घशातून काढायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक. आज ते स्वतःहून जिना चढल्यासारखं चढलं होतं. वच्छलाबाईंनी जवळची कळशी सोडून हात जोडले. कुणाला भरायची घाई सुचेना. मग पलीकडच्या घरातही तसाच आवाज आला, मग त्याच्या पलीकडच्या, आणि तेव्हा कुठं लोक भानावर येऊन आपापल्या घरी पळाले.

गोकुळराव तिथंच उभे राहिले. स्टोअरकीपरचं डोकं हिशेब मांडल्याशिवाय राहत नाही, आणि हा हिशेब मांडायला त्यांना फार वेळ लागला नाही. नेहमीच्या खेपेला साइट हिरवी झाली की चार-पाच गल्ल्यांतल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणाला चालू व्हायच्या. सगळ्या एकदम ओढायला लागल्या की पाइपात काही उरायचंच नाही. ज्याची मोटार मोठी त्याला बादलीभर, बाकीच्यांना फुसफुस. आज कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणीच ओढलं नाही, म्हणून पाणी जसं निघालं होतं तसं सगळ्यांकडं पोचलं. म्हणजे इतके दिवस गल्लीला कमी पाणी कुणामुळं येत होतं?

"अहो," मंजुषा शेजारी येऊन हळूच म्हणाली, "म्हणजे तुमचं बंद पडलं म्हणून..."

"कळलंय मला. हळू बोल."

पण वच्छलाबाईंनी ऐकलं होतं. आणि वच्छलाबाईंनी ऐकलं म्हणजे साइट बंद असूनही सगळ्या भागाला कळलं.

सोमवारी साखरपुडा थाटात झाला. वैजापूरच्या पाहुण्यांनी हातपाय धुतले, चूळ भरली, पुन्हा हातपाय धुतले. शहरात एवढं पाणी बघून ज्ञानेश्वरीचे होणारे सासरे नळापाशी बराच वेळ रेंगाळले आणि आपल्या भावाला म्हणाले, "घराणं मातबर दिसतंय." ज्ञानेश्वरी त्यांच्यामागं उभी होती. तिनं गोकुळरावांकडं बघितलं आणि ती हसली, तेव्हा गोकुळरावांना आपल्या शब्दाचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

ते फार काळ उतरलेलं राहिलं नाही. अंगठ्या झाल्या, पेढे झाले आणि मल्हाररावांच्या धाकट्या भावानं माइक हातात घेतला.

"आता आपल्या गल्लीतले गोकुळराव यांनी पुढं यावं. ऐन पाण्याच्या दिवशी त्यांनी स्वतःचा सर्व्हर बंद ठेवला अन् या मंगलकार्याला जे सहकार्य केलं, त्याबद्दल टॉवेल, टोपी, नारळ देऊन त्यांचा सत्कार."

टाळ्या पडल्या. गोकुळरावांनी माइकजवळ तोंड नेलं. "बंद ठेवला नव्हता," ते म्हणाले, "साठवणीच्या फोल्डरची जागा जरा..." तोवर माइक ज्ञानेश्वरीच्या मामांकडं गेला होता. डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला, हातात नारळ बसला. ज्या दिवशी साइट पहिल्यांदा चालू झाली, त्या दिवशी त्यांना कुणी साधा चहा विचारला नव्हता.

बाजूला होताना मल्हाररावांनी त्यांना मिठीच मारली. मिठीतच कानाशी म्हणाले, "लई उपकार झाले. आता फकस्त एक सांगा गोकुळराव. पुढल्या पाण्याला बी बंद ठेवणार ना?"

गोकुळरावांनी मान हलवली. ज्यानं नारळ दिला त्याला नाही कसं म्हणायचं?

"मंग ते बंद हाये का चालू, हे आम्हाला घरी बसून कळायचं कसं?"

गोकुळराव विचारात पडले. प्रश्न रास्त होता. टोपी जरा मागं सरकवून ते म्हणाले, "त्यासाठी एक वेगळी साइट करता येईल."

पेढ्याचं ताट घेऊन मागं उभी असलेली मंजुषा पुढं आली, नवऱ्याच्या हातातला नारळ तिनं काढून घेतला आणि "आधी घरी चला" म्हणाली.